सुट्टीतला देश आणि रोजचा देश



मार्च लागला की आपल्या इमारतींच्या लिफ्टमध्ये खोकी दिसायला लागतात. केळ्यांची, टिश्यूपेपरची, खालच्या ग्रोसरीतून मागून आणलेली. नातूर ट्रॉली धरून उभा असतो, कार्गोवाला चिकटपट्टी ओढत असतो, आणि आपण शेजारणीला हळूच विचारतो, "आता कोण चाललंय?" इथल्या भारतीय शाळांचं वर्ष मार्चअखेर संपतं, त्यामुळे आपल्याकडे निरोपाचा मोसम तोच. दर शुक्रवारी कुणाकडे तरी शेवटचं जेवण असतं, आणि दर वर्षी आपल्या घरात कुणाची तरी कपाटं, कुंड्या आणि अर्धा डबा गोडा मसाला येऊन पडतो.

अशाच निघालेल्या एका श्रोत्या बाईंचा निरोप गेल्या आठवड्यात आला. सतरा वर्षं अजमानला राहून त्या नाशिकला परत चालल्या आहेत. आधी बायकोमुलांचे व्हिसे रद्द करायचे, मग नवऱ्याचा, वीजपाण्याचं शेवटचं बिल भरून डिपॉझिट सोडवायचं, गाडी विकायची, हे सगळं कंपनीच्या पीआरओने त्यांना सांगून झालं आहे. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. "तिकडे गेल्यावर इथलं काय आठवेल, ते आधी कळतं का हो?"

थोडंफार कळतं. मात्र आपण निघताना मनाशी जी यादी करतो ती बहुतेक वेळा चुकते, आणि गंमत म्हणजे ती साधारण एकाच तऱ्हेने चुकते. आज त्याबद्दलच बोलू.

आधी माझी यादी सांगते. आम्ही २००३ साली शारजाला आलो. त्याआधी शारजा म्हणजे माझ्यासाठी १९९८ सालचा एप्रिल, वाळूचं वादळ आणि सचिनची दोन शतकं, इतकंच. नऊ वर्षांनी, २०१२ च्या एप्रिलमध्ये, आम्ही पुण्याला कायमचे परत गेलो आणि २०१५ मध्ये पुन्हा शारजाला आलो. "कायमचे" हा शब्द तेव्हापासून मी जपून वापरते. तर २०१२ मध्ये निघताना मी फ्रिजवर एक कागद लावला होता. डावीकडे "काय आठवेल", उजवीकडे "कशाची वाट बघतोय". डावीकडे होतं: बुहैराचा कॉर्निश, थंडीतली वाळवंटातली शेगडी, मोठे रस्ते, रात्री अकराला एकटीने फिरता येणं, नोव्हेंबरातलं पुस्तकांचं प्रदर्शन. उजवीकडे: पाऊस, हापूस, गणपती, बालगंधर्वला नाटकं, माणसं, आणि अप्पांबरोबर चहा.

कागद नीट घडी करून पुण्याला नेला. वर्षभराने उघडला तेव्हा हसूच आलं. हापूस तर वाट बघायची वस्तूच नव्हती. आखाती देश हे आपल्या आंब्याचं जुनं आणि मोठं गिऱ्हाईक. विमानाने आलेली पेटी आपल्याला इथे मार्चमध्येच दिसते, आणि पुण्यात मी मात्र भाव उतरायची वाट बघत मे महिन्यापर्यंत थांबले होते. बालगंधर्वला पहिल्या वर्षी आम्ही दोनदा गेलो. कॉर्निश आठवला, पण आठवड्यातून एकदा, तोही सहज.

खरं काय आठवलं ते सांगू? न्हाणीघरातला नळ.

तुम्हाला हे समजावून सांगायला नको, पण भारतातले श्रोतेही हा कार्यक्रम ऐकतात, म्हणून सांगते. इथे जून ते सप्टेंबर गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की थंड पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं. मग आपण गीझर बंद ठेवतो. गीझर घरात, एसीच्या गारव्यात असतो, त्यातलं पाणी निवतं, आणि आपण गरम पाण्याच्या नळाने थंड पाणी घेतो. नव्याने आलेल्या प्रत्येकाला ही युक्ती कुणीतरी शिकवलेली असते. पुण्यात पहिल्या उन्हाळ्यात माझा हात महिनाभर उलट्या नळाकडे जात होता, आणि दर वेळी पोटात काहीतरी तुटायचं. कढत पाण्यासाठी कुणी हळवं होतं का? झाले खरी.

पुढे विचार केला तेव्हा लक्षात आलं की मला पाणी आठवत नव्हतं. इथलं कसं चालतं हे माझ्या हातापायांना ठाऊक होतं, ते आठवत होतं. कॅफेटेरियासमोर गाडी उभी करून हॉर्न किती वाजवायचा म्हणजे पोऱ्या करक चहा घेऊन येतो पण शेजारचा वैतागत नाही. ग्रोसरीच्या चेट्टाला फोनवर फक्त फ्लॅटचा नंबर सांगितला की लबानची बाटली आणि खुबूस वर येतो. रमजानमध्ये कामाचे तास रोज दोनने कमी होतात आणि गावाचं घड्याळ कसं उलटतं, कुठला रस्ता इफ्तारच्या आधी अर्धा तास टाळायचा. "यल्ला" कुणाला म्हणायचं आणि कुणाला नाही. ही सगळी अक्कल नऊ वर्षांत कमावलेली होती आणि पुण्याच्या विमानतळावर उतरल्या क्षणी तिची किंमत शून्य झाली. पुण्यात मी पुन्हा नवखी होते, आणि तिथे मला नवखी असायची परवानगी नव्हती. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "मराठीच आहात ना? मग एवढं माहीत नाही?"

आता यादी चुकते कशी ते बघा. आपल्याला वर्षाला साधारण महिनाभराची रजा मिळते आणि मुलांच्या शाळा जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतात. त्यामुळे आपला भारत हा जुलै-ऑगस्टमधला भारत असतो. सुट्टीतला. आपण येणार म्हणून कुणीतरी पुरण घातलेलं असतं, भाऊ दोन दिवस रजा टाकतो, आत्या पंढरपूरहून येते. इथला देश मात्र आपण कामाच्या दिवशी जगतो, टिफिन भरत, अल इत्तिहाद रोडच्या गर्दीत ताटकळत. म्हणून निघताना आपण सुट्टीतल्या देशाची वाट बघतो आणि आठवण मात्र रोजच्या देशाची येते. आमच्या यादीतला कॉर्निश हाही खरं तर सुट्टीतलाच होता, पाहुणे आले की दाखवायचा. म्हणून तो फारसा आठवला नाही.

मुलांच्या बाबतीत हे अगदी ठळक दिसतं. इथे जन्मलेल्या कितीतरी मुलांनी महाराष्ट्र फक्त भिजलेलाच पाहिला आहे. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची होती. परत गेलो त्या एप्रिलमध्ये खिडकीतून भाजलेली टेकडी बघून तिने विचारलं, "आई, हे दुसरं पुणे आहे का?" तिच्या लेखी पुणे हिरवं होतं, तिथे कायम पाऊस पडायचा आणि कुणीच शाळेत जायचं नाही. दिवाळी तिने तिथे कधी पाहिली नव्हती, कारण दिवाळीत आपल्याला रजा कुठे असते? मला वाटतं तिची फसवणूक आम्हीच केली, नकळत. फोटो दाखवले तेही पावसाळ्यातलेच.

आणि मोठ्यांचंही फार वेगळं नसतं. आम्ही परत गेलो ते मुख्यतः अप्पांसाठी. आई २००९ मध्ये गेली, त्यानंतर ते एकटे. रोज इथले सकाळचे सहा म्हणजे तिकडचे साडेसात, या वेळेला मी त्यांना फोन करायची. तेव्हा फोनचं कार्ड असायचं. पैसे संपायच्या आत सगळं सांगून घ्यायचं, म्हणून आम्ही दोघंही मुद्द्याचं बोलायचो. गुडघा कसा आहे, झोप लागली का, कुणाशी भांडण झालं, काल आईची आठवण आली होती. ही वीस मिनिटं सोडून आता पूर्ण दिवस मिळणार, संध्याकाळी गॅलरीत चहा घेत बोलणार, हे माझ्या यादीतलं सगळ्यात मोठं अक्षर होतं.

गेलो तर अप्पांचा दिवस भरलेला. सकाळी पेपर, मग बागेतला कट्टा, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा कट्टा, मग बातम्या. चहा ते कट्ट्यावर घ्यायचे. आम्ही आलो म्हणून त्यांनी ते सोडावं असं म्हणायचं तोंड मला नव्हतं; आम्ही नसताना त्याच माणसांनी त्यांना सांभाळलं होतं. एकाच घरात आमचं बोलणं "जेवायला वाढू का" आणि "दिवा मालवू का" एवढ्यावर आलं. तीन-चार महिन्यांनी एकदा घेवडा निवडताना ते म्हणाले, "तू शारजाला होतीस तेव्हा आपलं जास्त बोलणं व्हायचं." त्यांनी तक्रार केली नव्हती. हवामान सांगावं तसं सांगितलं.

मग आम्ही साडेसातची वेळ पुन्हा धरली. दूध घरपोच यायचं ते बंद केलं आणि रोज दोघांनी चालत आणायला जायचं ठरवलं. जाऊन-येऊन पंचवीस मिनिटं. त्यात पुन्हा गुडघा आला, भांडणं आली, आई आली. २०१५ मध्ये ह्यांना इथली नोकरी मिळाली आणि आम्ही पुन्हा निघालो, तेव्हा अप्पांनी पैशांचं, शाळेचं काही विचारलं नाही. "फोन सहालाच ना?" एवढंच विचारलं.

ओढ लागण्याला नाव देणारा माणूस तुम्हाला ठाऊक आहे का? १६८८ साली योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्याने बाझेलला एक प्रबंध लिहिला आणि घरापासून दूर असलेल्यांच्या दुखण्यासाठी दोन ग्रीक शब्द जोडून नवा शब्द केला: नॉस्टॅल्जिया. एका शब्दाचा अर्थ घरी परतणं, दुसऱ्याचा वेदना. त्याच्या मते तो सरळसरळ आजार होता, आणि त्यावरचा खरा उपाय म्हणजे रोग्याला घरी पाठवणं. ठीक आहे. पण घरी पाठवलेल्यालाच ओढ लागली तर?

याकडे संशोधकांनी नीट लक्ष दिलं ते फार उशिरा. परदेशी गेल्यावर माणसाचं मन आधी वर, मग खाली आणि मग हळूहळू वर येतं हे आधीच लिहिलं गेलं होतं. १९६३ मध्ये गलाहॉर्न पतिपत्नी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी दाखवलं की परत मायदेशी आल्यावर तीच घसरण आणि तोच चढ पुन्हा होतो, म्हणजे सगळी रेघ काढली तर ती इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी दिसते. दुसरी घसरण जास्त लागते असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं, आणि त्याचं कारण साधं आहे: तिची कुणाला अपेक्षाच नसते. इथे नवीन आलात तेव्हा रस्ता चुकलात तर लोक सांभाळून घेतात. पुण्यात चुकलात तर "दुबईहून आलेत, शायनिंग मारतात" असं ऐकायला मिळतं. पहिले सहा महिने मी "तिकडे असं नव्हतं" हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणत होते ते मला लेकीने मोजून सांगितलं. आकडा सांगत नाही.

लेकीची गोष्ट आणखी वेगळी. अशा मुलांना "तिसऱ्या संस्कृतीची मुलं" म्हणतात, आणि ही कल्पना मांडणाऱ्या रूथ युसीम यांना ती सुचली ती १९५०च्या दशकात, आपल्या भारतातच, तिथे राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांकडे बघताना. आईबापांचा देश एक, राहण्याचा दुसरा, आणि मूल दोन्हींच्या मधल्या पट्टीवर वाढतं. आपण म्हणतो "घरी परत चाललो". मूल मात्र घर सोडून चाललेलं असतं. हा फरक मला फार उशिरा कळला. मी तिला दोन वर्षं "आता आपण आपल्या घरी आलो ना" म्हणून समजावत होते, आणि तिला दर वेळी आणखी एकटं वाटत होतं.

परत जाणाऱ्या आईबापांना इथे एक अगदी व्यवहाराचं सांगते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. आपली मुलं इथे अरबी शिकतात, मराठी बोलतात, पण वाचतात किती? घरात अस्खलित बोलणारं मूल वर्गात धडा वाचायला उभं राहून अडखळलं तर त्याची होणारी फजिती परक्या भाषेपेक्षा वाईट असते. निघण्याच्या आधी वर्षभर रोज एक पान वाचून घ्या. अरबीही एकदम टाकू नका. माझ्या लेकीने पुण्यात कपाटाच्या आतल्या बाजूला आपलं नाव अरबीत लिहून ठेवलं होतं, ते मला घर सोडताना दिसलं.

आणखी काही श्रोते आहेत ज्यांच्याबद्दल आपल्या कार्यक्रमात कमी बोललं जातं. बायकोमुलांचा व्हिसा काढायचा तर आज महिना किमान ४,००० दिरहम पगार लागतो, किंवा ३,००० आणि राहायची जागा. ज्यांचा तेवढा नव्हता ते वर्षानुवर्षं बेडस्पेसवर राहिले; रत्नागिरी-रायगडकडची तर कितीतरी घरं अशी उभी राहिली आहेत. आमच्या ओळखीचे एक काका अठ्ठावीस वर्षांनी गुहागरकडे परत गेले. घर त्यांनीच बांधलेलं, पण त्यात कुठला दरवाजा जोरात लावावा लागतो हे त्यांना माहीत नव्हतं. पहाटे साडेचारला उठून, सवयीने, स्वतःचा चहा करून, कप धुऊन पालथा घालायचे. काकू रडल्या. म्हणाल्या, हा माणूस पाहुण्यासारखा वागतो. काकांना आठवत होती ती खोलीतली बाकीची पाच माणसं आणि गुरुवारी रात्री एकत्र केलेलं मटण. हे बायकोला सांगायची त्यांना लाज वाटत होती. खरं तर तेच सांगायला हवं होतं, आणि पुढे सांगितलं.

एक गोष्ट राहिली. आपण ज्याची आठवण काढतो तो देश जागेवर थांबत नाही. पुण्यात मी वर्षभर शुक्रवारच्या सकाळीसाठी झुरले. एकदा तर शुक्रवारी निवांत पोहे करायला घेतले आणि लेकीची शाळेची बस निघून गेली. ती शुक्रवारची सकाळ आता इथेही तशी नाही. २०२२ च्या जानेवारीपासून दुबईत सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवार अर्धा दिवस. शारजात सरकारी कचेऱ्या आणि शाळांना शुक्रवार धरून तीन दिवस. पावसाचंही तसंच. "इथे पाऊस नाही" हे आपलं पाठ झालेलं वाक्य, आणि १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनजवळ एका दिवसाच्या आत २५४.८ मिलिमीटर पडला, १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वात जास्त. शारजाच्या आमच्या गल्लीत कितीतरी दिवस पाणी होतं, नातूर कमरेएवढ्या पाण्यातून पिण्याच्या बाटल्या आणत होता, आणि मी चौथ्या मजल्यावरून बघत होते. पावसासाठी देश बदलणारी मी!

तर अजमानच्या बाई, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं. निघण्याआधी यादी कराच, पण शुक्रवारी करू नका. एखादा साधा मंगळवार घ्या आणि सकाळपासून जे हात आपोआप करतात ते लिहा. ग्रोसरीच्या चेट्टाला, नातूरला, मुलांच्या बसमधल्या ताईला वेगळं जाऊन भेटा. जेवणावळीत ही माणसं नसतात. मुलांना त्यांचा स्वतःचा निरोप घेऊ द्या, त्यांच्या आवडीच्या जागी, मग ती जागा पार्किंगमधली का असेना. आणि जमलं तर यंदा रजा जुलैत न घेता फेब्रुवारीत पंधरा दिवस घ्या. नाशिकला पाहुणे म्हणून राहू नका. गॅस नोंदवा, विजेचं बिल भरा, शाळेच्या ऑफिसात ताटकळा, एनआरई खातं निवासी करायला काय लागतं ते बँकेत जाऊन विचारा, संध्याकाळी सहाला भाजी आणायला जा. त्या पंधरा दिवसांत ज्याची मजा वाटेल, त्याचीच वाट बघा.

आणि जे इथेच राहणार आहेत, ज्यांच्या शेजारचं दार या महिनाअखेर बंद होणार आहे, त्यांच्यासाठी एक विनंती. जाणाऱ्या मैत्रिणीच्या कुंड्या घ्या, पण तिला पहिला फोन तुम्ही करा. ती करणार नाही. तिला वाटतं, मी तर घरी आले, आता कुठल्या तोंडाने सांगू की करमत नाही.

पुढच्या शुक्रवारी नोकरी संपताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचा हिशेब कसा करतात ते बघू. वही-पेन घेऊन बसा. तोपर्यंत तुमच्या मंगळवारच्या याद्या पाठवा. नळ, लिफ्ट, ग्रोसरी, काहीही चालेल.

नमस्कार.